क्रँकशाफ्ट गाडीखाली झोपून काढायची वस्तू नाही

'फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचा क्रँकशाफ्ट घरच्या घरी, इंजिन न उतरवता, एका दिवसात काढा' असा एक मेसेज सगळीकडे फिरतो आहे. क्रँकशाफ्ट, किंवा नुसता क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा. हा मेसेज माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला. त्याच्या इंजिनात खालून नॉकिंग येतं आहे आणि त्याने सुट्टीच्या दिवशी हे काम करायचा बेतही आखला होता. म्हणून हे लिहितो आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी उंच असते, त्यामुळे खालून चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) काढा, मेन बेअरिंगच्या कॅप (क्रँकला इंजिनाच्या ब्लॉकमध्ये धरून ठेवणारे खालचे अर्धगोल तुकडे) सोडा, क्रँक आपोआप हातात येतो. कॅप सगळ्या सारख्याच असतात, बोल्ट कुठल्याही क्रमाने काढा. जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग) घासलं असेल तर एमरी पेपर मारून नवीन बेअरिंग टाका. थ्रस्ट वॉशर (क्रँकचं पुढे-मागे सरकणं रोखणारी चकती) कसाही बसतो. पुलीचा बोल्ट स्टार्टरने सैल करा. जुनेच बोल्ट पुन्हा जास्त कसून लावा.

सगळ्यात घातक मुद्दा पहिलाच आहे. गाडी उंच असली तरी चेंबरच्या खाली मोकळी जागा असतेच असं नाही. पुढचा डिफरेन्शियल आणि क्रॉसमेंबर बहुधा तिथेच असतात. अखंड पुढचा ॲक्सल असलेल्या गाड्यांत तर इंजिन उचलल्याशिवाय किंवा ॲक्सल खाली घेतल्याशिवाय चेंबरसुद्धा निघत नाही, अशी स्थिती पुष्कळदा असते. समजा, चेंबर निघालं. तरी क्रँक मोकळा होत नाही. मागच्या टोकाला फ्लायव्हील आहे, त्यावर क्लच आहे, आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्रँकच्या टोकातल्या पायलट बेअरिंगमध्ये शिरलेला आहे. त्या गिअरबॉक्सला मागे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि त्याला दोन प्रोपेलर शाफ्ट जोडलेले आहेत. मागचं ऑइल सील ज्या रिटेनरमध्ये बसतं तो रिटेनर ब्लॉकला बोल्टने लावलेला असतो, आणि फ्लायव्हील उतरवल्याशिवाय त्याला हात घालता येत नाही. पुढच्या टोकाला पुली, टायमिंग कव्हर, चेन किंवा बेल्ट आणि कित्येक इंजिनांत ऑइल पंप आहे. मधे सगळे कनेक्टिंग रॉड. इतक्या ठिकाणी अडकलेला शाफ्ट कॅप सोडल्या म्हणून हातात येत नाही.

आणि आला, तर अंगावर येतो. चार सिलिंडरच्या डिझेलचा क्रँक सहज वीस-तीस किलोंचा असतो. शेवटची कॅप सुटताना खाली झोपलेल्या माणसाची छाती आणि हात नेमके त्याच्याखाली असतात. गाडी जॅकवर असेल तर धोका आणखी वाढतो, कारण अडकलेला शाफ्ट हिसके देऊन ओढताना गाडी हलते. माणूस दगावू शकतो असा हा सल्ला आहे आणि तो बिनदिक्कत पुढे पाठवला जातो आहे, याचा मला संताप येतो.

यात अर्धं खरं काय आहे तेही सांगतो. चेंबर निघत असेल तर काही इंजिनांत बेअरिंगचे शेल (अर्धगोल पातळ पत्रे) गाडीतच बदलता येतात. बिग एंडचे, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे, शेल रॉडची कॅप काढून बदलतात. मेनचा वरचा शेल ऑइलच्या भोकात छोटी पिन घालून, क्रँक हाताने फिरवून सरकवत बाहेर काढतात. पण हे काम क्रँक जागेवर ठेवून केलेलं असतं, आणि ते तेव्हाच टिकतं जेव्हा जर्नल शाबूत असतं. चरे पडलेलं जर्नल नवीन शेलही खाऊन टाकतं.

रीतसर कसं करायचं, यासाठी टोयोटाच्या 22आर इंजिनाचं रिपेअर मॅन्युअल पाहा. हायलक्स आणि फोररनरच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांत हे इंजिन होतं, त्याला पाच मेन बेअरिंग आहेत. इंजिन बाहेर काढायचं. गिअरबॉक्स गाडीतच ठेवणार असाल तर त्याला खालून आधार द्या आणि इंजिन सरळ पुढे ओढा, इनपुट शाफ्टवर त्याचं वजन लटकू देऊ नका. ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट आधी सोडा आणि कन्व्हर्टर गिअरबॉक्सबरोबरच राहू द्या. फ्लायव्हील काढून मग इंजिन स्टँडवर चढवा, कारण स्टँडचे बोल्ट त्याच बाजूला लागतात. हेड, टायमिंग, चेंबर, मागचा सील रिटेनर हे सगळं उतरल्यावर ब्लॉक उलटा करा. रॉडच्या कॅप काढल्या की रॉड बोल्टवर रबरी नळीचे तुकडे चढवा. हे विसरलं तर बोल्टचे आटे जर्नलला ओरखडा पाडतात.

मेन कॅप सोडण्याआधी एक माप घ्यावंच लागतं, ज्याचा त्या मेसेजमध्ये पत्ताच नाही. क्रँकच्या टोकाला डायल गेज लावायचा, स्क्रू ड्रायव्हरने क्रँक पुढे-मागे ढकलायचा आणि थ्रस्ट क्लिअरन्स, म्हणजे क्रँक पुढे-मागे किती सरकतो ते, वाचायचा. 22आरसाठी तो 0.02 ते 0.22 मिमी असतो, कमाल 0.30. त्यापुढे गेला असेल तर थ्रस्ट वॉशर संपूर्ण सेटमध्ये बदलायचे. सुटं केल्यावर हे माप मिळत नाही. थ्रस्ट वॉशर 'कसाही बसतो' हे तर साफ खोटं. क्लच दाबला की क्रँक पुढे रेटला जातो, तो रेटा हाच वॉशर झेलतो. त्याच्या खाचा बाहेर, म्हणजे क्रँकच्या बाजूला हव्यात. उलटा बसला तर घासणाऱ्या तोंडाला ऑइल मिळत नाही आणि वॉशर झपाट्याने झिजतो.

आता कॅपबद्दल. ब्लॉकमधली भोकं कॅप लावून एकत्र बोअर केलेली असतात. अर्धं वर्तुळ ब्लॉकचं, अर्धं त्या एकाच कॅपचं. म्हणून त्यावर नंबर आणि पुढची दिशा दाखवणारा बाण असतो. खूण दिसत नसेल तर सोडण्याआधी स्वतः करा. 22आरचा मेन ऑइल क्लिअरन्स, म्हणजे जर्नल आणि शेलमधली ऑइलची फट, 0.025 ते 0.055 मिमी आहे, कमाल 0.08. कॅप बदलली किंवा फिरवली तर एवढ्याशा जागेत पायरी तयार होते, क्रँक जड फिरतो किंवा बेअरिंग जळतं. बोल्ट दोन्ही टोकांकडून मध्याकडे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे सैल करायचे. एक टोक पूर्ण सोडून दुसरं आवळलेलं ठेवलं तर शाफ्ट आणि कॅप दोन्हींवर तिरका ताण येतो. कॅप घट्ट बसली असेल तर काढलेलेच बोल्ट तिच्या भोकांत ठेवून पुढे-मागे हलवा, कडेला छिन्नी घालू नका. मग क्रँक वर उचलायचा, दोघांनी, सरळ. वरचे शेल ब्लॉकमध्येच राहू द्यायचे. नव्या काही इंजिनांत तर सुट्या कॅपच नसतात, ब्लॉकचा सगळा खालचा भाग एकच अखंड तुकडा असतो. तिथे हा मेसेज लागूच होत नाही.

एमरी पेपर. ग्राइंडिंगनंतर मशिनवर जर्नलला बारीक पॉलिश करतात हे खरं, पण ते खरखरीतपणा घालवायला, माप बदलायला नव्हे. हाताने घासलेलं जर्नल गोल राहत नाही. वर सांगितलेल्या मॅन्युअलमध्ये मेन जर्नलच्या टेपर (निमुळतेपणा) आणि ओव्हॅलिटीची (लंबगोलपणाची) मर्यादा 0.01 मिमी आहे. शिवाय चऱ्यांची खोली गेली की तेवढा क्लिअरन्स वाढला, ऑइल प्रेशर पडलं, आणि एमरीची पूड ऑइलच्या भोकांत जाऊन बसली. मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी, दोन दिशांनी मोजा. मर्यादेबाहेर असेल तर 0.25 मिमी अंडरसाइज (मूळ मापापेक्षा तेवढं बारीक) ग्राइंडिंग आणि त्याच मापाचे बेअरिंग. शाफ्ट नायट्राइड केलेला (पृष्ठभाग नायट्रोजनने कडक केलेला) असेल तर ग्राइंडिंगनंतर तो थर पुन्हा द्यावा लागतो का, हे आधी विचारा.

स्टार्टरने पुलीचा बोल्ट सुटतो, पण पान्याचा दांडा निसटला तर हात मोडतो. फ्लायव्हीलच्या रिंग गिअरला लॉक लावा किंवा इम्पॅक्ट गन वापरा.

बोल्टच्या बाबतीत मेसेज थोडासा बरोबर आहे: 22आरसारख्या इंजिनात, जिथे मेन कॅपला नुसता 103 न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचा असतो, आटे चांगले असतील तर तेच बोल्ट चालतात. पण टॉर्क देऊन वर ठरावीक अंशांनी फिरवायचे जे बोल्ट असतात ते बहुतेकदा कायमचे ताणले जातात, त्यांच्याबाबत मॅन्युअल बदला म्हणत असेल तर बदलाच. आणि 'जास्त कसा' हे कुठल्याच बोल्टला लागू नाही. जोडताना मध्यापासून टोकांकडे, फेऱ्यांनी, टॉर्क रेंचने. प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हाताने पूर्ण फिरवून पाहा. अडखळला, तर नुकतीच आवळलेली कॅप उघडून आधी शेल आणि नंबर तपासा, पुढची कॅप लावू नका.