दोरी, ब्लेड आणि तीन थेंब: सर्पदंशाच्या त्या मेसेजला उत्तर

पावसाळा लागला की एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर पुन्हा फिरू लागतो. साप चावला की वरच्या बाजूला दोरी करकचून आवळा, ब्लेडने चिरा द्या, सिरिंजचं पुढचं टोक कापून रक्त ओढा आणि 'नाजा 200' या होमिओपॅथीच्या औषधाचे थेंब दहा-दहा मिनिटांनी तीनदा जिभेवर टाका, म्हणजे माणूस वाचलाच. दात दोनच उमटले तर साप विषारी, जास्त उमटले तर बिनविषारी, अशी पुरवणीही असते.

आधी दोरी. विष बरंचसं रसवाहिन्यांतून वर सरकतं आणि स्नायू हलले की त्याला गती मिळते. म्हणून अवयव हलू न देणं हा खरा उपाय. करकचून बांधलेल्या दोरीने रक्तपुरवठाच तुटतो. घोणस आणि फुरसे यांचं विष चावल्या जागचं मांस सडवतं. त्यात रक्त बंद झालं तर पाय किंवा बोट गमावण्याची वेळ येते. दोरी सोडतानाचा धोका वेगळाच. अडकून राहिलेलं विष एकदम अंगात पसरतं, आणि नाग किंवा मण्यार असेल तर श्वास थांबू शकतो. त्यामुळे कुणी आधीच दोरी बांधली असेल तर वाटेत सोडू नका. डॉक्टर सलाईन लावून, औषध तयार ठेवून ती सोडतील.

ब्लेडचं तर याहून वाईट. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. अशा माणसाला चिरा देणं म्हणजे न थांबणारी जखम करणं, वर शीर किंवा स्नायुबंध कापला जाण्याची भीती. विष दातांनी आत खोल टोचलेलं असतं. सिरिंजने ओढून येतं ते मुख्यतः रक्त, विष नगण्य. तोंडाने चोखण्यालाही हेच लागू.

आता ते थेंब. 200 पोटन्सी म्हणजे मूळ पदार्थ शंभरात एक या प्रमाणात दोनशे वेळा पातळ केलेला. बाराव्या पातळीनंतरच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता जवळपास संपते. मग 'अमक्याला गुण आला' हे कसं? आपल्याकडचे बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी दरवेळी विष टोचतोच असं नाही. अशा माणसाला साखरेच्या गोळीनेही गुण येतो. मांत्रिकांची कीर्तीही याच हिशेबावर टिकलेली आहे.

खरं औषध म्हणजे प्रतिसर्पविष. घोड्यांना विषाच्या थोड्या थोड्या मात्रा देऊन त्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं वेगळी करून ते बनतं; मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम अनेक दशकं केलं आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर ते एकत्र चालतं, म्हणून साप ओळखण्यासाठी थांबायची गरज नसते. सह्याद्रीतल्या चापड्यावर मात्र ते चालत नाही. सुरुवातीला साधारण 8 ते 10 कुप्या शिरेतून देतात. मात्रा विषावर ठरते, वजनावर नाही. लहान मुलालाही तेवढीच लागते. तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवूनच ते देतात. ही घरी किंवा खाजगीत 'एक सुई मारून' घ्यायची गोष्ट नाही.

दातांच्या खुणांवर जाऊ नका. मण्यारीचा दंश कित्येकदा दिसतही नाही, दुखतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, घसा दुखणं, उलटी घेऊन उठतो. थोड्या वेळाने पापण्या खाली येतात, एकाची दोन दिसू लागतात, बोलणं जड होतं. पित्त समजून सोडा पाजण्यात इथेच वेळ जातो. घोणस-फुरशात सूज चढत जाते, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येतं. रुग्णालयात साध्या काचेच्या नळीत थोडं रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवून ते गोठतं का पाहतात. पहिल्यांदा गोठलं तरी 24 तास देखरेखीखाली राहायला सांगतात, ते ऐकावं.

मग हातात काय उरतं? सापापासून दूर व्हा. त्याला मारत बसू नका. मेलेल्या सापाचं डोकंही चावू शकतं. लांबून फोटो मिळाला तर ठीक. अंगठ्या, जोडवी, पैंजण, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी किंवा काठी लावून अवयव सैल कापडाने बांधा. कापडाखाली बोट सहज जायला हवं. चालवू नका. 108 ला फोन करा, पण गाडीला वेळ लागणार असेल तर मोटारसायकलवर रुग्णाला दोघांच्या मधे बसवून निघा. प्रतिसर्पविष आहे का, हे आधी फोनवर विचारा, नाहीतर दोन दवाखाने फिरण्यात तास जातो. चावल्याची वेळ लिहून ठेवा, सुजेच्या कडेला पेनाने रेघ मारून शेजारी वेळ टाका. दुखण्यावर ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक देऊ नका, रक्तस्राव वाढतो. दारू, काढा, मिरची काहीच नको. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.

मण्यार किंवा नागाच्या दंशात वाटेतच श्वास मंदावला तर मान किंचित मागे करून, नाक दाबून तोंडाने श्वास देत राहा, साधारण दर पाच-सहा सेकंदांनी एक. पापण्या मिटलेल्या, हात गळालेले, तरी आत माणूस जागा असू शकतो आणि आजूबाजूचं ऐकतही असतो. डॉक्टरांनी तपासेपर्यंत 'गेला' म्हणून थांबू नका.