मे महिन्याची सुट्टी आणि कान तुटलेला कप

परीक्षा संपली त्या संध्याकाळी भाचीचा फोन आला. "आत्या, सुट्टीत वाचायला आयुष्य बदलून टाकणारी पुस्तकं सांग ना. चार-पाच पुरेत." तिला फोनवर सांगायला गेले आणि लक्षात आलं की हे दोन मिनिटांत सांगून होण्यासारखं नाही. म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

आधी माझी कसोटी सांगते. एखाद्या पुस्तकानं आयुष्य बदललं असं कुणी म्हणालं की मी विचारते, म्हणजे नेमकं काय बदललं? पहाटे पाचला उठायला, पैसे साठवायला शिकवणारी पुस्तकं मीही वाचली आहेत. त्यांनी हुरूप दिला, नाही असं नाही. पण तो पंधरा दिवसांत ओसरला. त्याउलट काही पुस्तकांमुळे माझी एखादीच सवय मोडली, ती कायमची. मी सांगणार आहे ती पुस्तकं अशी आहेत.

पहिलं 'बलुतं'. दया पवारांचं हे दलित आत्मकथन १९७८ साली 'ग्रंथाली'नं काढलं. मी ते १९९२च्या मे महिन्यात वाचलं. एस. वाय.ची परीक्षा झाली होती, त्या वर्षी गावी जाणं रद्द झालं होतं, आणि विलेपार्ल्याच्या आमच्या दोन खोल्यांत दुपारी फक्त गॅलरीत वारा यायचा. तिथं जमिनीवर पाय पसरून बसायचं आणि वाचायचं. पुस्तकात मुंबईतली कावाखाना नावाची वस्ती येते, नागपाड्याकडची. बायका रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काचा गोळा करून आणतात, निवडतात, विकतात. मी याच मुंबईत जन्मले, वाढले. नागपाड्यावरून बसनं कितीदा गेले असेन. आणि हे काहीच मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी चहा करायला उठले. आमच्याकडे भांडी घासायला एक मावशी यायच्या. त्यांचा कप स्वयंपाकघराच्या खिडकीत, गजाला लागून पालथा ठेवलेला असायचा. पांढरा, निळ्या काठाचा, कान तुटलेला. चहा झाला की त्या स्वतः तो विसळायच्या आणि पुन्हा तिथंच पालथा घालायच्या. लहानपणापासून रोज दिसणारी गोष्ट. त्या दुपारी हातात चहाचं पातेलं घेऊन मी त्या कपाकडे बघत राहिले.

मग फडताळातला आमच्यातला कप काढला आणि त्यात त्यांना चहा दिला. मावशी म्हणाल्या, "नको ताई, माझा हाय की कप." मी म्हटलं, "यातच घ्या." त्यांनी आईकडे पाहिलं. आई काही बोलली नाही, ओटा पुसत राहिली. मावशींनी चहा घेतला, पण उभ्यानं आणि घाईघाईनं. पुढं महिनाभर हेच चाललं. मी आमच्यातला कप काढायचे आणि मावशींचा हात आधी खिडकीकडे जायचा. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. त्या यायच्या तेव्हा मी घरी नसायचे. त्यानंतर त्यांना कुठल्या कपात चहा मिळायचा, हे मी कधी विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं. आजही ते मला लागून राहिलंय.

या पुस्तकानं माझी आणखी एक सवय गेली. नवं माणूस भेटलं की "आडनाव काय तुमचं?" हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. इमारतीत भाडेकरू येवोत नाहीतर ऑफिसात नवी मुलगी रुजू होवो. आडनावातून आपल्याला काय हवं असतं ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं. तो प्रश्न मी त्या मे महिन्यापासून सोडला. नाव कळलं, पुरे.

दुसरं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. हे मनात नाही, मोठ्यानं वाचा. घरात एखादं वयस्कर माणूस असेल तर त्यांना वाचून दाखवा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं लिहिलेलं हे मराठी कानानं ऐकावं असंच आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला वाचायला, टीव्ही बघायला बंदी होती. रोज संध्याकाळी तासभर मी वाचायचे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाच्या गोष्टींना आई खळखळून हसायची, "अगं, आमचे आजोबा अस्सेच!" म्हणायची. १८९५ साली लक्ष्मीबाईंचे पती, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले तिथं मात्र आई गप्प झाली. नवऱ्याचा धर्म बदलला, बाईचं सोवळं सुटेना, अशी ती सगळी ओढाताण. आणि मग जातपात माणसानं केलेली आहे, इथून पुढं मी कुणाच्याही हातचं खाईन-पिईन, असं लक्ष्मीबाई स्वतःच्या विचारानं ठरवतात. कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

तिथं आई म्हणाली, "थांब. तेवढं परत वाच." परत वाचलं. डोळ्यांवर हिरवी पट्टी, हात मांडीवर. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मावशींना मी कधी बस म्हटलं नाही गं. इतकी वर्षं त्या उभ्यानंच चहा प्यायल्या."

मी काही बोलू शकले नाही.

म्हणून भाचीला माझं सांगणं आहे, ही दोन पुस्तकं जोडीनं वाच. आधी 'बलुतं', मग 'स्मृतिचित्रे'.

तिसरं, दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र', १९५६चं. चैत्रापासून महिन्यामागून महिना, त्यामुळे सलग संपवायची घाई नको. वैशाख आता वाच, आषाढ पाऊस आल्यावर. स्टेशनच्या वाटेवर ज्या झाडाखालून मी अकरा वर्षं धावत गाडी पकडली ते तामण आहे, हे या पुस्तकानंतर मान वर केली तेव्हा कळलं. सध्या जांभळ्या फुलांनी लगडलंय.

घरात बारा-तेरा वर्षांची मुलं असतील तर त्यांच्या हाती व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' द्या. छोटी आहे, एका धनगरवाडीवर गेलेल्या पोरसवदा मास्तराची गोष्ट. दुष्काळाची शेवटची पानं वाचताना मात्र त्यांच्या जवळपास असा.

आणि पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ साली स्थापन झालेलं. मुलांना सुट्टीत एकदा तरी घेऊन जा, कपाटांमधून हिंडू द्या, त्यांचं त्यांना निवडू द्या.

भाचीनं 'बलुतं' नेलंय. आठवडाभर काही कळवलं नाही, मीही विचारलं नाही. काल रात्री अकराला मेसेज आला, "आत्या, कावाखाना नेमका कुठं होता गं?" रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही दोघी नागपाड्याला जातोय.