ग्राहकांची वही कुणाच्या हातात?

मार्च संपत आला की नागपुरात मानेवाड्याला माझ्या मावशीच्या गच्चीवर जुन्या सुती साड्या पसरल्या जातात. तीन दिवस भिजवलेला गहू वाटायचा, चीक गाळायचा, पहाटे चारला मोठ्या गंजात तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यानं कुरडया घालून मोकळं व्हायचं. मुगवड्या, सरगुंडे, ताकातल्या मिरच्या हे सगळं त्याच्या मागून येतं. मावशीच्या बचत गटात बारा बायका आहेत. वर्षभराच्या कमाईतला मोठा वाटा त्या या दोन महिन्यांच्या उन्हातून काढतात.

मी अकरा वर्षांपासून मँचेस्टरला राहते. गेल्या दिवाळीत घरी आले होते, तेव्हा धरमपेठेत एका मैत्रिणीकडे जुनी मंडळी जमली आणि अशा बचत गटांना मदत कशी करायची यावरून चांगलीच जुंपली. एक मित्र मोठ्या कंपनीत सीएसआरचं, म्हणजे कंपनीनं सामाजिक कामावर करायच्या खर्चाचं काम बघतो. त्याचं म्हणणं, गटांना एक दणदणीत ॲप बांधून द्यायचं, दोन-चार कंपन्यांशी भागीदारी करायची, म्हणजे दहा गटांचे हजार गट होतील. दुसरी मैत्रीण वीस वर्षं वस्त्यांमध्ये काम करते आहे. ती म्हणाली, सेवेत धंदा शिरला की सेवा संपते, आणि शिवाय या बायकांना ॲप झेपत नाही. मला दोघांचंही पटलं नाही. का, ते तिथे धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

ॲप मावशीच्या गटाला एकदा मिळालेलं आहे. एका कंपनीच्या निधीतून टॅबलेट आले, प्रशिक्षण झालं, फोटो काढले गेले. सुरुवातीचे महिने छान गेले. मग श्रावणात कुरडयांच्या ऑर्डरी यायला लागल्या. उन्हाळ्यातला माल संपलेला होता आणि नवा करायला ऊन नव्हतं. 'सध्या नाही' असं सांगायची सोय त्या ॲपमध्ये गटाच्या हातात नव्हती, त्यासाठी पुण्यातल्या कुणाला तरी मेल करावा लागायचा. नाकारलेली प्रत्येक ऑर्डर गटाच्या नावावर चूक म्हणून चढत गेली आणि तारे साडेचारावरून अडीचवर आले. मावशी तेव्हा फोनवर म्हणाली होती, "पावसात कुरडई वाळते का बाप्पा? त्या ॲपले काय समजते!"

पुढे प्रकल्पाची मुदत संपली आणि पोर्टल बंद झालं. त्यासोबत ज्यांनी कधी ना कधी गटाकडून माल घेतला होता त्या सगळ्या ग्राहकांचे नंबरही गेले. तीन वर्षांची ओळख एका दिवसात पुसली गेली. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

यात कुणाची नियत वाईट होती असं मी म्हणत नाही. आपल्याकडची रचनाच तशी आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. नियमांमध्ये चालू प्रकल्पाची कमाल मुदत, सुरू झालेलं वर्ष सोडून, तीन वर्षं आहे. गिऱ्हाईक जोडायला बचत गटाला तेवढा काळ लागतो. म्हणजे पीक हाताशी येतं त्याच सुमाराला विहिरीवरचा पंप काढून नेतात.

इथे मँचेस्टरला मी दर शनिवारी सकाळी आमच्या भागातल्या एका फूड हबमध्ये काम करते. आसपासचे शेतकरी, ब्रेडवाले, अंडीवाले यांचा माल एका जागी येतो आणि आम्ही तो घराघरांच्या पेट्यांमध्ये भरतो. सगळा कारभार ओपन फूड नेटवर्क या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो. त्यातली एक गोष्ट पाहिली आणि मला थेट मानेवाड्याची गच्ची आठवली. तिथे 'ऑर्डर सायकल' असते. आमच्याकडे गुरुवारी खिडकी उघडते आणि सोमवारी रात्री बंद होते. या आठवड्यात आपल्याकडे किती गाजर आहे हे शेतकरी स्वतः भरतो. बर्फ पडला तर तो शून्य भरतो आणि त्याबद्दल त्याला कुणी शिक्षा करत नाही. तंत्रज्ञान तेच, पण ते पिकवणाऱ्याच्या कॅलेंडरला बांधलेलं आहे. कुरडयांची खिडकी मार्चमध्ये उघडून मेच्या शेवटी बंद करायला काही कोटींचं ॲप लागत नाही. मावशीला कुणीतरी आधी विचारायला हवं होतं.

आमचा हब 'कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी' म्हणून नोंदवलेला आहे. ब्रिटनमध्ये हा कंपनीचा वेगळा प्रकार २००५ पासून आहे. धंदा करा, नफा कमवा, पण संस्थेची मालमत्ता कुणाच्या खिशात जाऊ शकत नाही, कायद्यानं तिला कुलूप लावलेलं असतं. समाजासाठी काय केलं याचा अहवाल दरवर्षी द्यावा लागतो आणि तो कुणालाही वाचता येतो. सेवा की धंदा हा धरमपेठेतला वाद इथे या कुलपानं बराचसा मिटवलेला आहे. आपल्याकडे कुणी कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी काढतं, कुणी ट्रस्ट, कुणी उत्पादकांच्या मालकीची उत्पादक कंपनी, आणि प्रत्येक जण आपलं अंग त्या मापाच्या अंगरख्यात कोंबतं.

पण परदेशात सगळं पुढे आणि घरी सगळं मागे, असं मात्र नाही. आमच्या हबला प्रत्येक कार्ड पेमेंटमागे कमिशन द्यावं लागतं. मावशीच्या दारावरच्या क्यूआर कोडवर ५० रुपयांच्या मिरच्यांचे ५० रुपयेच जमा होतात. बायकांना झेपत नाही म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं तो क्यूआर एकदा बघावा. मावशी टाइप करत नाही, ती बोलून निरोप पाठवते. 'अर्धा किलो मुगवड्या, नंदनवनले' असे आवाज तिच्या फोनमध्ये साठलेले असतात आणि रात्री सून ते ऐकून वहीत उतरवते.

शिवाय बचत गट म्हटलं की हिशेब आलाच. नाबार्ड या राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेनं १९९२ साली गट बँकांशी जोडायला सुरुवात केली तेव्हापासून पंचसूत्री गटागटांत मुरली आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख नोंदी. शंभर-दोनशे रुपयांचं कर्ज सगळ्यांसमोर मंजूर करणाऱ्या या बायकांना मालकी म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही.

मँचेस्टरपासून जवळच रॉचडेल आहे. तिथे टोड लेनवरच्या ज्या लहानशा दुकानात १८४४ च्या डिसेंबरमध्ये २८ जणांनी लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या मांडून सहकारी विक्री सुरू केली, ते दुकान आज संग्रहालय आहे. मी तिथे दोनदा जाऊन आले. एवढाच माल होता, पण दुकान त्यांचं होतं, हिशेब उघडा होता आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांकडे परत जायचा. आपल्याला हे परकं नाही. नागपूरहून दोन तासांवर वर्ध्याला १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला, तोही करणाऱ्याच्या हाताला मान आणि मोल मिळावं म्हणूनच.

म्हणून माझ्या सीएसआरवाल्या मित्राला मी एकच मागते. भागीदारी जरूर कर. पैसे दे, वजनकाटे दे, पॅकिंगचं यंत्र दे, सॉफ्टवेअरही दे. पण करारात पहिल्या पानावर लिही की ग्राहकांची यादी गटाची आहे, ती गटाला हवी तेव्हा उतरवून घेता येईल, आणि प्रकल्प संपला तरी नंबर, फोटो, खातं गटाकडेच राहील. हे एक कलम नसेल तर हजार गटांपर्यंत पोचूनही हजार गटांना परत शून्यावर आणून सोडशील.

मावशीच्या गटानं आपल्यापुरतं हे केलंय. पोर्टल गेल्यावर गटाचा व्हॉट्सॲप क्रमांक तेव्हाच्या अध्यक्षांच्या मुलाच्या सिमवर होता. अध्यक्ष बदलल्या आणि तोही गेला. गेल्या महिन्यात त्यांच्या बैठकीला मी व्हिडिओ कॉलवर होते. बचत गोळा झाली, दोन कर्जं मंजूर झाली आणि मग सचिवांनी ठराव वाचला: गटाच्या खात्यातून नवीन सिम घ्यायचं, फोन ज्यांच्याकडे असेल त्यांनी पद सोडताना तो रजिस्टरवर सही करून पुढच्या बाईकडे सोपवायचा, ग्राहकांच्या वहीची एक प्रत बँकेच्या पासबुकासोबत ठेवायची. अकरा सह्या झाल्या. एका बाईंनी अंगठा उमटवला.

मग मावशी कॅमेऱ्याजवळ आली. "आता मले सांग, तुह्या त्या खिडकीचं काय? कुरडईची ऑर्डर कधीपासून घ्याची?" गुढीपाडव्यानंतरचा सोमवार ठरला.