ढग पुरे झाले, आता माती दाखवा

किरणोत्सर्गावरची कला म्हटलं की तेच ते. छत्रीसारखा ढग, गॅस मास्क, पिवळी पिंपं. खरं सांगते, मला याचा कंटाळा आलाय.

त्यापेक्षा शिम्पेई ताकेदा या जपानी छायाचित्रकाराने फुकुशिमाच्या अपघातानंतर, २०१२ साली, काय केलं बघा. ठिकठिकाणची माती आणली, अंधारात थेट फिल्मवर पसरली आणि महिनाभर तशीच ठेवून दिली. कॅमेरा नाही, भिंग नाही, उजेड नाही. फिल्म धुतल्यावर काळ्यावर पांढरे ठिपके उमटले. कुठे तुरळक, तर एका जुन्या किल्ल्याच्या मातीचे इतके दाट की पहिल्या नजरेला चांदण्यांनी भरलेलं आकाशच वाटावं. ‘वा!’ तोंडातून निघून जातं आणि मग लक्षात येतं, आपण दाद देतोय ती मातीत मिसळलेल्या किरणोत्सर्गी सीझियमला. १८९६ साली फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेलच्या बंद खणात युरेनियमच्या क्षारांनी फोटोच्या काचेवर असाच ठसा उमटवला होता. चित्र काढायला यांना माणूस लागतच नाही.

सीझियम-१३७ निदान तीस वर्षांत निम्मं तरी होतं. अणुकचऱ्यातल्या प्लुटोनियम-२३९ ला त्यासाठी सुमारे २४,१०० वर्षं लागतात. इतकी वर्षं कुठली भाषा टिकलीये? अमेरिकेत न्यू मेक्सिकोत जमिनीखालच्या मिठाच्या थरात अणुकचरा पुरायचा ठरल्यावर १०,००० वर्षांनंतरच्या माणसाला सावध कसं करायचं, यावर तज्ज्ञ बसले होते. एक सूचना होती प्रचंड काट्यांचं रान उभारायची. अहो, एवढं भव्य काही दिसलं तर माणूस कुदळ घेऊनच येणार! पिरॅमिडांचं काय झालं?

टॅरिन सायमन या अमेरिकी कलावतीचा काळा चौकोन मला म्हणूनच जास्त पटतो. अणुकचरा काचेत मुरवून केलेला, आत पोलादी नळकांड्यात भविष्यासाठी एक पत्र. तो रशियात कचऱ्याच्या साठ्यातच ठेवलाय. माणसाने जवळ जाण्याइतका निवळला की, म्हणजे ३०१५ च्या सुमारास, मॉस्कोच्या गराज संग्रहालयात मांडायचा, असं ठरलंय. तोवर तिथे त्याच मापाची मोकळी जागा.

कुणी म्हणेल, ही नुसती चमकोगिरी. आधी मलाही तसंच वाटलं होतं. पण संग्रहालयं हजार वर्षं टिकतील हे गृहीत धरायला आपण किती सहज तयार होतो, हे त्या रिकाम्या जागेमुळेच माझ्या डोक्यात आलं. कचरा राहणार, त्यात शंका नाही. संग्रहालयाची मात्र खात्री वाटत नाही.

तो कोनाडा मला एकदा बघायचाय.