माझ्याच गाडीचा चोर

गेल्या मार्चमध्ये आमच्या सोसायटीतून एक मोटारसायकल चोरीला गेली आणि त्या दिवसापासून घरातील सर्वांना माझ्या मोटारसायकलीची काळजी वाटू लागली. माझी गाडी २०१२ सालची आहे, तिच्या सीटला तीन ठिकाणी ठिगळे आहेत, आणि तिला ढकलत नेणारा चोर फार तर पहिल्या चढापर्यंत टिकेल असे माझे प्रामाणिक मत होते. परंतु घरात माझ्या मताला जे स्थान आहे ते असल्यामुळे पुढच्याच रविवारी मी नाना पेठेत गेलो आणि दुचाकीच्या सुट्या भागांच्या त्या अरण्यातील एका दुकानातून गाडीला अलार्म बसवून घेतला. दुकानातील मुलाने सीट काढली, गाडीच्या दोन-तीन वायरी सोलल्या, त्यांना अलार्मच्या वायरींशी दोन वेळा पीळ दिला, वर काळी टेप गुंडाळली आणि ‘आता बिनधास्त झोपा’ असे सांगितले. विम्याच्या हप्त्यात सवलत हवी असेल तर असे यंत्र वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेले असावे लागते. ती संस्था आमच्याच पुण्यात, टेकडीवर आहे; माझा अलार्म मात्र ती टेकडी कधी चढला नसावा.

अलार्मबरोबर चार बटणांचा एक रिमोट मिळाला. बंद कुलूप, उघडे कुलूप, घंटा आणि वीज अशी चार चित्रे त्यावर होती. सीटखालच्या डबीत कंप ओळखणारा एक संवेदक होता. गाडी हलली की तो सायरनला कळवतो आणि त्याच वेळी रिले नावाचा एक विजेवर चालणारा स्विच इंजिनाच्या ठिणगीचा प्रवाह तोडून टाकतो, म्हणजे चोराने चावी मिळवली तरी इंजिन पेटत नाही. कल्पना उत्तम आहे. अडचण एवढीच की सीटवर उडी मारणारे मांजर, पाण्याचा टँकर, दूधवाल्याची सायकल आणि चोर यांच्यात हा संवेदक कोणताही भेदभाव करत नसे. त्यातच जुलै संपता संपता नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला. नारायण पेठेत राहणाऱ्या माणसाने ढोलाविषयी तक्रार करू नये, आणि मी ती करतही नाही. पण संध्याकाळी पहिला ठोका पडला की माझी गाडी सहा वेगवेगळ्या आवाजांत साथ देऊ लागे. मध्यरात्री सव्वादोनला मांजराची पाळी असे. सायरन वाजला की चार खिडक्या उघडत. त्यांतून गाडीकडे कोणीच पाहत नसे, सर्वांच्या नजरा माझ्या गॅलरीकडे असत.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी सकाळी, पाऊस भुरभुरत असताना, मी रिमोटचे उघडे कुलूप दाबले, रेनकोट चढवला, हेल्मेट घातले, चावी फिरवली आणि सेल्फ मारला. सायरनने मला चोर ठरवले. माहितीपुस्तिका उलगडून पाहिली तेव्हा कळले की कुलूप उघडल्यावर अर्ध्या मिनिटात चावी लावली नाही तर यंत्र आपण होऊन पुन्हा कुलूप लावते. माझ्या वयाच्या माणसाचा रेनकोट अर्ध्या मिनिटात चढत नाही. मग आधी सर्व पोशाख करून, नंतर बटण दाबून, धावत जाऊन चावी फिरवली. सायरन गप्प बसला, सेल्फने इंजिन व्यवस्थित फिरवले, परंतु ते पेटले नाही.

एव्हाना तज्ज्ञ जमू लागले होते. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी पेट्रोल आहे का असे विचारले. मी टाकी उघडून दाखवली. इंजिन बंद पाडणारे उजव्या मुठीजवळचे लाल बटण कोणा पोराने बंद केले असेल, ही शंका मी स्वतःच काढली आणि स्वतःच फेटाळली. दुसऱ्या एका गृहस्थांनी गाडी आडवी करून पुन्हा उभी करायला सांगितले. हा उपाय त्यांच्या तरुणपणीच्या स्कूटरचा होता, तो मोटारसायकलीला लागू पडत नाही हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही आणि मी गाडी आडवी केली. सायरन वाजला. चोक ओढून झाला, रिमोटमधला बारा व्होल्टचा शेंगदाण्याएवढा सेल बदलून झाला, दुसऱ्या गिअरमध्ये टाकून दोघांकडून गल्लीभर ढकलून झाले. शेवटी प्लग काढला, टोपणात बसवून इंजिनाला टेकवला आणि किक मारली. निळी ठिणगी दिसायला हवी होती, ती दिसली नाही. म्हणजे पेट्रोल निर्दोष होते आणि वीजच पोहोचत नव्हती. या निष्कर्षाचा आनंद साजरा करण्यासाठी मी प्लग जागेवर लावून पुन्हा सेल्फ मारला. तेव्हा नुसते ‘टक’ झाले. बॅटरीही उतरली होती.

मी मेस्त्रींना फोन केला. पोरगा पाठवतो, असे ते म्हणाले. कार्यालयाला उशीर कळवावा आणि कोरडा शर्ट घालावा म्हणून मी वर गेलो. चावी गाडीलाच राहिली. शर्टाची बटणे लावत असताना खालून सायरनचा अखंड आक्रोश ऐकू आला, मग तो मध्येच तुटला, आणि थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज येऊन दूर गेला. मी धावत खाली आलो. गाडीची जागा रिकामी होती आणि काका फाटक लावत होते.

“चालू झाली हो एकदाची!” काका आनंदाने म्हणाले. “बिचाऱ्याचे हात काळे झाले होते, म्हणून मीच फाटक उघडून दिले.”

“कोण होता?”

“ते मी कसे सांगणार? तुमची गाडी, तुमची माणसे.”

अधिक चौकशी करता असे कळले की त्या मुलाने सायरन वाजत असताना सर्वांसमक्ष सीट काढली, डबी उपटली, दोन वायरी डायरेक्ट केल्या आणि किक मारली. या सबंध काळात त्याला कोणीही नाव विचारले नाही. स्कूटरवाल्या गृहस्थांनी तर त्याच्या डोक्यावर छत्री धरली होती.

दहा मिनिटांनी तो अलका चौकापर्यंत फेरी मारून परत आला, तेव्हा मी त्याला मिठी मारण्याच्या बेतात होतो. त्याने टेप सोडवून मला पीळ दिलेल्या वायरी दाखवल्या. पावसाचे पाणी आत मुरून तांब्यावर हिरवा गंज चढला होता आणि रिले उघडा असो वा बंद, ठिणगीचा प्रवाह तिथेच अडत होता. मग त्याने मीटर लावला. गाडी बंद असतानाही अलार्म २० मिलिअँपिअर खात होता. ५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने २५० तासांत, म्हणजे साधारण दहा दिवसांत रिकामी होते, आणि आमच्याकडे तर रोजची ढोलाची साथ वेगळीच होती. दर दिवशी जेमतेम दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीला एवढे पुरवणे कसे जमावे?

“अलार्म परत बसवू का, काका?” त्याने विचारले. मी डबी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली.

त्या रात्री सव्वादोनला काहीही वाजले नाही. पहाटे साडेपाचला दाराची घंटा वाजली. दारात पहिल्या मजल्यावरचे काका उभे होते, तारवटलेल्या डोळ्यांनी.

“रात्रभर आवाज नाही,” ते म्हणाले. “झोपच लागली नाही हो. गाडी जागेवर आहे ना, जरा बघून येता का?”

मी चपला घातल्या.