'मुंबई मुंबईकरच तुंबवतात' म्हणणाऱ्यांना कुर्ल्यातून उत्तर

पावसाचा पहिला मोठा तडाखा बसला की दर वर्षी एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. यंदा तो सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि भाचीनेही पाठवला. थोडक्यात असा: नाल्यात प्लास्टिक तुम्हीच टाकता, नाल्याकाठी झोपड्या तुम्हीच बांधता, मग पालिकेला शिव्या कशाला? मुंबई सात बेटांवर भराव घालून वसवलेली, पाणी भरणारच. आणि एवढा पाऊस झाला तर कुठलंही शहर बुडेल.

मी मिठी नदीपासून चालत पाच मिनिटांवर राहते. आमच्या तळमजल्याच्या भिंतीवर २००५च्या पाण्याची रेघ आहे. रंगाचे तीन हात मारले तरी जुलैत ओल धरली की ती पुन्हा दिसते. त्यामुळे हा मजकूर वाचून गप्प बसणं मला जमत नाही.

आधी प्लास्टिक. नाल्यात पिशवी टाकणाऱ्याला मी पाठीशी घालणार नाही, तो चुकतोच. पातळ पिशव्यांवर २००५च्या पुरानंतर बंदी आली, २०१८मध्ये राज्यभर आणखी कडक बंदी आली, तरी पाणी तुंबायचं थांबलं नाही. कारण नाला पिशव्यांपेक्षा गाळाने भरतो. मे महिन्यात आमच्या मागच्या नाल्यात गाळ उपसणारा पोकलेन उतरतो. काळा गाळ काठावर काढून ठेवतात, 'वाळला की उचलू' म्हणतात. एका वर्षी तो ढीग आठ दिवस तसाच होता. मी मुकादमाला विचारलं, तो म्हणाला, "ताई, गाडीच आली नाही." नवव्या दिवशी पाऊस आला आणि निम्मा ढीग आमच्या डोळ्यांदेखत परत नाल्यात गेला. गाळ उपसण्याचे पैसे मात्र टनावर मोजले जातात. मे २०२५मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीच्या गाळउपशात सुमारे ६५ कोटींच्या घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला, आणि आरोपींत कंत्राटदारांबरोबर पालिकेचे अधिकारीही आहेत. आरोप अजून सिद्ध व्हायचे आहेत. पण हा पैसा पिशवी टाकणाऱ्याच्या हातात कधीच नव्हता, एवढं तरी त्या मजकुरात यायला हवं होतं.

झोपड्यांचं म्हणाल तर हो, मिठीच्या काठावर त्या आहेत, आणि नदी चढली की सर्वांत आधी अंथरूण-पांघरूण उचलून शाळेत जावं लागतं तेही त्याच लोकांना. पण नदी कोणी आवळली? वांद्रे-कुर्ला संकुल जवळपास ३७० हेक्टरांवर उभं आहे. ती जमीन मिठीच्या दोन्ही काठांची दलदल होती, तिथे तिवरं होती, भरतीचं पाणी तिथे पसरायचं. १९७७मध्ये तिथल्या नियोजनाचे अधिकार एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, गेले आणि सरकारी शिक्क्यानिशी भराव पडला. नदीच्या वरच्या अंगाला विमानतळाच्या धावपट्टीपाशी नदीला काटकोनात वळणं घ्यायला लावली. पत्र्याची दहा बाय बाराची खोली हटवायला नोटीस येते. संकुलाला किंवा धावपट्टीला अतिक्रमण म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही.

सात बेटांचा मुद्दा तर भूगोलातच चुकलाय. ती बेटं कुलाब्यापासून माहीमपर्यंतची. कुर्ला, अंधेरी, सांताक्रूझ हे सगळं त्यांच्या उत्तरेच्या साष्टी बेटात येतं. २६ जुलै २००५ला सर्वांत भीषण हाल इथेच झाले. भरावाची सखल जमीन म्हणून दादरजवळचं हिंदमाता तुंबतं हे मान्य. पण अंधेरी सबवे का बुडतो? शेजारच्या मोगरा नाल्याचं पाणी भरतीच्या वेळी समुद्रात लोटायला पंपच नाहीत.

आता पाऊस, म्हणजे खरा मुद्दा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. त्यापुढे कुठलीच गटारं टिकली नसती, हे मीही म्हणते. पण त्या एका दिवसाची सबब दर वर्षीच्या तुंबण्याला कशी चालेल? जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, आणि तोही अर्धं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. आज मुरायला माती उरलीय कुठे? शिवाय समुद्रात पाणी सोडणारी १८६ पातमुखं, त्यांतली फक्त ६ भरतीच्या पातळीच्या वर आहेत. बाकीच्यांतून मोठ्या भरतीला पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्रच आत येऊ पाहतो. आणि भरती काही अचानक येत नाही. साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांचे दिवस आणि वेळा पालिका दर वर्षी पावसाळ्याआधीच जाहीर करते.

यावरचा उपाय मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालात लिहिलेला आहे: वाहिन्यांची क्षमता दुप्पट करा, पातमुखांवर पंपिंग स्टेशनं बांधा. २००५ उजाडेपर्यंत तो बहुतांशी कागदावरच राहिला. पुढे ठरलेल्या आठपैकी सहा स्टेशनं झाली, हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह वगैरे, आणि त्यांचा उपयोग होतो हे आम्ही पाहतो. राहिली दोन, मोगरा आणि माहुल, जागेच्या वादात वर्षानुवर्षं अडकलेली. नाल्यात कचरा न टाकण्याची शपथ सगळ्या मुंबईने घेतली तरी ते पंप उभे राहणार नाहीत.

मग जबाबदार कोण? सुमारे १८ किलोमीटरच्या मिठीचे जवळपास १२ किलोमीटर पालिकेकडे आणि ६ एमएमआरडीएकडे. रुळांखालच्या मोऱ्या रेल्वेकडे. २००५च्या ऑगस्टमध्ये मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली मिठीसाठी वेगळं प्राधिकरणही नेमलं गेलं. त्यात मार्च २०२२ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ महापालिका प्रशासकाच्या हाती होती. नेमक्या त्याच काळात मी आमच्या नाल्याच्या तुटलेल्या संरक्षक भिंतीचे फोटो घेऊन दोन कचेऱ्यांत गेले होते. पहिल्या ठिकाणी सांगितलं, तो भाग आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या ठिकाणीही तेच ऐकलं. दाद मागायला नगरसेवकही नव्हता.

भाचीला मी हेच लिहून पाठवलं. तिने विचारलं, मग भिंत झाली का? नाही झाली. तिथे वाळूच्या गोण्या रचल्यात, आणि त्या आमच्या गल्लीतल्या पोरांनी रचल्यात.