सम ला जाताय? मग स्वेटर आधी हॉटेलवर ठेवा

डिसेंबरात जैसलमेर, आणि त्यातला एक अख्खा दिवस सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर, म्हणजे तिकीट-हॉटेल-गाडी हे सगळं किरकोळ झालं, खरा प्रश्न घालायचं काय हा आहे. आणि तो थंडीला, वाळूला किंवा उंटाला विचारायचा नसतो, फोनच्या कॅमेऱ्याला विचारायचा असतो. शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब जायचं ते काय वाळू बघायला? वाळू आपल्या बिल्डिंगखाली रिडेव्हलपमेंटवाल्यांनी पण टाकलीये.

पहिलं म्हणजे हवामान अजिबात बघू नका. बघितलंत तर उगाच कळेल की डिसेंबर-जानेवारीत तिथे दुपारी २४-२५ असतं आणि पहाटे ७-८ वर येतं, कधी त्याच्याही खाली, आणि मग तुम्ही एखादं जाडंभरडं जॅकेट भराल आणि सगळ्या फोटोंची वाट लागेल. वाळवंट म्हणजे गरम, एवढा भूगोल पुरे. कोरड्या वाळूत कणाकणांच्या मध्ये हवा असते, त्यामुळे ऊन खाली मुरतच नाही, वरचा थर पटकन तापतो आणि तितक्याच पटकन निवतो, त्यात हवेत बाष्प नाही, डोक्यावर ढग नाही, सूर्य गेला की दिवसभराची ऊब सरळ आभाळात निघून जाते, हे सगळं सिलॅबसबाहेरचं आहे. आपण मुंबईची माणसं, एसी १८ वर ठेवून झोपतो, आपल्याला कसली थंडी. स्लीव्हलेस घ्या.

रंगाचं म्हणाल तर सध्या डेझर्ट टोन चालू आहे. बेज, क्रीम, वाळूचा रंग, उंटाचा रंग, सगळं घर एकाच शेडमध्ये. आता वाळू पिवळसर, मागचा उंट पिवळसर, तुम्ही पण पिवळसर, त्यामुळे फोटोत फक्त गॉगल आणि दात दिसतील, पण त्याचीही तिथे परंपरा आहे. सम च्या आजूबाजूला डेझर्ट नॅशनल पार्क आहे आणि त्यात माळढोक राहतो, तोच, ज्याच्यासाठी आपण सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य केलं होतं. तो हाच रंग घालून गवतात असा उभा राहतो की कुणाला दिसत नाही. अर्थात त्याला दिसायचंच नसतं, तुमचं तसं नाही, पण ट्रेंड तो ट्रेंड. तिथल्या बायका शतकानुशतकं लाल, केशरी, राणी कलरच्या ओढण्या घेऊन त्या फिक्या वाळूत फिरतायत आणि मैलभरावरून ओळखू येतात, त्यांना बिचाऱ्यांना कलर पॅलेट कुणी समजावून सांगितली नाही.

पायात हील्स. ब्लॉक हील असेल तर थोडी कमी रुतते, म्हणून पेन्सिल हीलच घ्या. पुरुषांनी पांढरेशुभ्र नवे स्नीकर्स, वरती जाळी असलेले, म्हणजे वाळूला आत जायला वेगळा दरवाजा शोधावा लागत नाही. हिवाळ्यात दुपारची वाळू अनवाणी चालायला मस्त कोमट असते आणि टेकडीवर सगळे चपला हातात घेऊनच चढतात, पण मग बुटांचे पैसे कसे वसूल होणार? पायथ्याला जिथे गवत आहे तिथे मात्र नेटचा किंवा लेसचा घोळदार ड्रेस मुद्दाम फिरवून आणा. भुरट नावाचं गवत असतं तिकडे, त्याची काटेरी बोंडं कापडाला अशी चिकटतात की रात्री हॉटेलवर बसून एकेक उपटत बसा, करमणूक होते. दुष्काळात लोक त्याच्याच दाण्यांच्या भाकरी खायचे म्हणतात, आपण निदान अंगावर तरी मिरवू.

आता उंट. इथे ड्रेसकडे नीट लक्ष द्या, कारण उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, म्हणजे बसलेला माणूस पहिल्यांदा थेट त्याच्या मानेच्या दिशेने नमस्कार घालतो, मग पुढचे पाय उठले की मागे आपटतो. बसताना हेच उलट. म्हणून दोन्ही हात मोकळे लागतात. तर एका हाताने वरचा ऑफ शोल्डर आणि दुसऱ्या हाताने खालचा स्लिट सांभाळायला लागेल असाच ड्रेस निवडा, म्हणजे खोगीर धरायचा प्रश्नच मिटला. पेन्सिल स्कर्ट असेल तर चढायचाही प्रश्न मिटला. पुरुषांनी आखूड शॉर्ट्स घालाव्यात, खोगिरावर मांड्या कशा सोलवटतात हा अनुभव घरी बसून मिळत नाही. खरं तर काष्ट्याची नऊवारी उंटावर सगळ्यात झकास बसते, दोन्ही बाजूला पाय टाका, काही उडत नाही की काही उघडं पडत नाही, आणि म्हणूनच ती घरी ठेवायची, हळदीकुंकवाला लागेल.

उंटवाल्याकडून मात्र काही शिकू नका. त्याच्या डोक्यावर आठ-नऊ मीटर कापडाचा साफा, अंगात सैल सुती कपडे, वर कोट, खांद्यावर शाल. ऊन आलं तर साफा, वारा सुटला तर साफ्याचंच टोक नाकातोंडावर, आडवं व्हायचं तर तोच उशाला. हे सगळं तो कुठलीही रील न बघता करतो, त्यामुळे त्याला गंभीरपणे घ्यायचं कारण नाही. आपण तोच पोशाख दहा मिनिटांसाठी भाड्याने घ्यायचा, तयार शिवलेली चकचकीत पगडी टोपीसारखी डोक्यावर दाबायची, मिशीला पीळ द्यायचा, नसली तर काजळाने काढायची, आणि उंटवाल्याला म्हणायचं भैया जरा फ्रेमच्या बाहेर हो.

सनस्क्रीनचा थर दणकून लावा. ओल्या गालावर बारीक वाळू बसली की जे काही होतं त्याला पार्लरमध्ये स्क्रब म्हणतात आणि पैसे घेतात.

सहाच्या आसपास सूर्य बुडतो. इथवर तुम्ही जिंकलेले असता. मग कॅम्पवर कालबेलिया नाच असतो, २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेला, समोर शेकोटी असते, आणि लोक नाचाकडे पाठ करून शेकोटीकडे तोंड करून बसलेले असतात. तुमची पॉलिएस्टरची ओढणी इथे कामाला येते, ऊब शून्य, पण ठिणगी पकडण्यात एक नंबर. तेवढ्यात तुमच्या लक्षात येईल की सगळ्या ग्रुपमध्ये एकच व्यक्ती आरामात दालबाटी खातेय. मोठी मावशी. माकडटोपी, स्वेटर, स्वेटरवर शाल, पायात अंगठ्याचे मोजे आणि चप्पल. सकाळपासून तुम्ही तिला प्रत्येक फोटोत मागच्या रांगेत ढकललंत, दोनदा तर क्रॉपच केलंत. आता तिच्याशेजारी सरकून बसा, आवाज मऊ ठेवा, "मावशी, तुझी शाल केवढी मोठी आहे गं" इथून सुरुवात करा. ती आधी बोलेल, भरपूर बोलेल, लग्नाच्या अल्बमपासून सुरू करेल, ऐकून घ्या. शेवटी अर्धी शाल देतेच.

रात्री मात्र लवकर झोपू नका. उद्या लोंगेवाला आहे, १९७१ च्या लढाईतले रणगाडे ठेवलेत तिथे, आणि रणगाड्याशेजारी काय घालायचं हे अजून ठरलेलं नाही.